कुंग्सलेडेन : खनिजाच्या लोहमार्गाने घडविलेली पायवाट

स्वीडनच्या उत्तरेस, आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडील आबिस्कोपासून दक्षिणेस हेमावानपर्यंत सुमारे ४४० किलोमीटर जाणारी ‘कुंग्सलेडेन’, म्हणजेच राजमार्ग, ही पायवाट नावावरून प्राचीन वाटत असली, तरी ती विसाव्या शतकात आखली गेली आणि तिच्या जन्माच्या मुळाशी लोहखनिज आहे. किरुनाच्या खाणींतील खनिज नॉर्वेच्या नार्विक बंदरापर्यंत नेण्यासाठी बांधलेला लोहमार्ग १९०२ मध्ये पुरा झाला, तेव्हा एरवी अत्यंत दुर्गम असलेल्या या डोंगरांच्या पायथ्याशी शहरी प्रवासी थेट आगगाडीतून उतरू लागला. उप्साला येथे १८८५ मध्ये स्थापन झालेल्या स्वीडिश पर्यटन संघाने ही संधी ओळखून मुक्कामाचे निवारे उभारले आणि वाटेवर खुणा केल्या. १९०९ मध्ये युरोपातील पहिली राष्ट्रीय उद्याने घोषित झाली, त्यांत आबिस्कोचाही समावेश होता.

हा प्रदेश निर्जन मात्र कधीच नव्हता. रेनडियरचे कळप पाळणारे सामी लोक येथील दऱ्या, खिंडी आणि नद्यांचे उतार पिढ्यान्‌पिढ्या जाणून होते, आणि आलेसयाउरे सरोवराकाठी त्यांची उन्हाळी वस्ती आजही आहे. या वाटेचे श्रेय केवळ संघाला देणारा इतिहास म्हणूनच अपुरा ठरतो.

निवाऱ्यांमधील अंतर बहुधा एका दिवसाच्या चालीचे, म्हणजे १० ते २० किलोमीटरांचे असल्याने प्रवासाची लांबीही त्यांच्याच हिशेबाने ठरते. आबिस्कोहून पहिल्या निवाऱ्यापर्यंतची चाल एका दिवसाची. च्याक्त्या खिंड ओलांडून, केब्नेकाइसे या स्वीडनच्या सर्वोच्च पर्वताजवळून निकालुओक्ता गाठणारी सुमारे १०५ किलोमीटरांची चाल आठवड्याभराची. तर संपूर्ण मार्गाला साधारण महिना लागतो. वाटेत काही सरोवरे स्वतः वल्हवून पार करावी लागतात. तेथे तीन नावा ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक काठावर निदान एक नाव राहिलीच पाहिजे, असा दंडक आहे. त्यामुळे आपल्या काठावर एकच नाव असेल, तर पलीकडे जाऊन दुसरी नाव ओढून आणावी लागते, ती या काठी ठेवून पुन्हा वल्हवावे लागते, आणि एका सरोवरासाठी तीन खेपा होतात. मागून येणाऱ्या अनोळखी माणसाची सोय पाहणारा हा दंडक या वाटेचा सर्वांत मोलाचा वारसा मानावा लागेल.

निवाऱ्यांची साखळी सर्वत्र अखंड नाही. क्विक्योक आणि अम्मरनेस यांच्यामधील दीडशे किलोमीटरांहून अधिक टप्प्यात संघाचे निवारे नसल्याने तेथे जाणाऱ्याने तंबू सोबत ठेवावा.