चाकणचा नकटा आणि गळवाल्यांची वही

चाकण-तळेगाव परिसरातील एका शाळेत आम्ही पाण्याच्या तपासणीची प्रात्यक्षिके दाखवायला गेलो होतो. मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या शिक्षकांनी एक प्रश्न पुढे ठेवला. त्यांच्या वर्गातली बरीच मुले रविवारी नदीवर किंवा खाणीच्या तळ्यावर गळ टाकून बसतात. या मुलांचे एक मंडळ काढावे, मासे गळाने धरावेत, मोजावेत आणि परत पाण्यात सोडावेत, अशी त्यांची कल्पना होती. परदेशांत शाळांतून अशी मंडळे असतात, हे त्यांनी वाचले होते. शिक्षकांच्या खोलीत लगेच दोन तट पडले. "मुक्या जिवाच्या ओठात काटा टोचून कसले आले निसर्गशिक्षण?" असे एका बाईंनी विचारले. त्यांचा प्रश्न रास्त होता. आम्ही तेव्हा दिलेले उत्तर मात्र अपुरे होते. पुढे या विषयाचा इतिहास चाळताना लक्षात आले की, त्या उत्तराचा एक मोठा भाग त्या शाळेपासून काही किलोमीटरवर, इंद्रायणीच्या पाण्यातच होता.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे मुंबईच्या लष्करातले अधिकारी. १८२४ साली मुंबई सरकारने त्यांना दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमले. शेती, लोकसंख्या, पाऊस यांच्या नोंदी करता करता त्यांनी पक्षी, प्राणी आणि मासेही टिपून ठेवले. दख्खनच्या माशांवरचा त्यांचा निबंध १८३८ साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे सादर झाला. त्यात चाळिसांहून अधिक मासे आहेत आणि त्यांतले बहुतेक तोवर शास्त्राला अपरिचित होते. त्यांपैकी एका विचित्र माशाचे ठिकाण साइक्स यांनी दिले आहे: इंद्रायणी नदी, चाकणजवळ. या माशाच्या नाकाडावर आडवी खोल खाच असते, त्यामुळे नाक तुटल्यासारखे दिसते. साइक्स यांनी त्याला 'नुक्टा' हे जातिनाम दिले. मराठी वाचकाला त्याचा अर्थ सांगायला नको. नकटा तो नकटाच. आज त्याचे शास्त्रीय नाव 'शिस्मॅटोऱ्हिंकस नुक्टा' असे आहे आणि धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत त्याची गणना होते.

साइक्स यांच्या यादीतली इतर नावे मोठ्याने वाचून पाहावीत: खुद्री, मुल्या, सींघाला. लॅटिन शेपटाच्या आड चक्क मराठी नावे बसली आहेत. मळ्या आणि शिंगाळा आजही बाजारात त्याच नावाने मिळतात. ही नावे साहेबाला कोणी सांगितली? नदीकाठच्या भोई आणि कोळी मंडळींनीच सांगितली असणार. निबंधावर नाव साइक्स यांचे असले तरी कोणता मासा वेगळा आणि कोणता त्याच जातीचा पोर, हे ओळखणारी नजर जाळे टाकणाऱ्यांची होती. वर्गात हा मुद्दा जरूर सांगावा.

आणखी एक गोष्ट. एखाद्या जातीचे पहिले वर्णन ज्या नमुन्यावरून होते, तो नमुना संग्रहालयात जपून ठेवण्याचा प्रघात आहे. साइक्स यांच्या नुक्टाचा किंवा खुद्रीचा असा नमुना आज उपलब्ध नाही. म्हणजे शंका आली की शास्त्रज्ञाला पुन्हा त्याच नदीवर जावे लागते. खुद्रीसाठी पुण्याच्या पूर्वेकडची मुळा-मुठा आणि नकट्यासाठी चाकणजवळची इंद्रायणी. या नद्याच त्या जातींच्या मूळ नोंदी आहेत. त्या नोंदीवर काय काय सांडले गेले, हे पिंपरी-चिंचवडच्या वाचकांना माहीत आहेच. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, साठीच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि पुढे चाकणची माळराने मोटारींच्या कारखान्यांनी भरली. पवना आणि इंद्रायणी यांचे पाणी या साऱ्यातून वाहते. तरीही २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या इंद्रायणीच्या माशांच्या पाहणीत पन्नासहून अधिक जाती नोंदल्या गेल्या. नदी मेली, असे आपण फार लवकर म्हणून टाकतो.

आता गळाकडे वळू. हौसेखातर गळ टाकणाऱ्या इंग्रजांचे आवडते सावज म्हणजे महासीर. मोठ्या खवल्यांचा, वेगवान प्रवाहात राहणारा हा मासा. साइक्स यांची खुद्री ही त्याचीच एक जात. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री थॉमस यांनी १८७३ साली भारतातल्या गळाच्या शिकारीवर एक जाडजूड पुस्तक लिहिले. त्याच वर्षी फ्रान्सिस डे यांचा हिंदुस्थान व ब्रह्मदेशाच्या गोड्या पाण्यातील मासेमारीवरचा अहवाल आला. बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्ले मारली जातात आणि बंधाऱ्यांनी माशांची वाट अडते, अशा तक्रारी तेव्हापासूनच्या आहेत. १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारायला बंदी घातली. हौशी गळवाल्यांना आपली शिकार टिकावी एवढीच काळजी होती, असे कोणी म्हणेल. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. देहू-आळंदीच्या डोहांतील मासे न मारण्याची रूढी आणि महाड तालुक्यातील वाळणकोंडीची माशांना अभय देणारी परंपरा यांमागचा विचार वेगळा होता. पण काठावर तासन् तास बसणाऱ्या माणसाला नदीतला बदल आधी कळतो, हेही तितकेच खरे.

महासीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढून अंडी घालतो. धरणांनी ती वाट बंद केली आणि मासा कमी होऊ लागला. इंद्रायणीच्या उगमाकडे, लोणावळ्याला, टाटांच्या वीज कंपनीच्या तलावाकाठी सत्तरीच्या दशकात यावर उपाय सुरू झाला. महाराष्ट्राचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि श्री. ओगले यांनी खुद्री महासीराचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. पक्व मादीची अंडी अलगद पिळून घ्यायची, त्यांवर नराचे रेत मिसळायचे आणि ती वाहत्या पाण्याच्या तबकांत ठेवायची. तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर येतात. हे काम मोठेच होते. लोणावळ्याची पिल्ले अनेक राज्यांच्या नद्यांत आणि तलावांत गेली.

त्यांतली काही कर्नाटकात कावेरीत सोडली गेली आणि इथे गोष्टीला वेगळे वळण लागते. कावेरीत पाठीला कुबड असलेला, अजस्र वाढणारा स्वतःचा महासीर होता. तिथल्या गळवाल्यांच्या छावणीत एक शिस्त होती. धरलेला प्रत्येक महासीर परत सोडायचा आणि वहीत त्याची जात, वजन व गळ टाकून बसण्यात गेलेले तास लिहायचे. १९९८ ते २०१२ या काळातल्या या वह्या पुढे अॅड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या शास्त्रज्ञांनी अभ्यासल्या. त्यांत सहा हजारांहून अधिक महासीरांची नोंद होती. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा. बाहेरून आलेल्या खुद्रीची संख्या वाढत गेली आणि तिचे सरासरी वजन उतरत गेले. म्हणजे तिची पिल्ले जगत होती. कुबडवाल्याची संख्या घटत गेली आणि त्याचे सरासरी वजन मात्र वाढत गेले.

वजन वाढले म्हणजे मासा सुखात आहे, असे कोणालाही वाटेल. छायाचित्रांतून तर तसेच दिसत होते: दरवर्षी मोठा, अधिक मोठा मासा. प्रत्यक्षात नवी पिल्ले तयार होणे थांबत आले होते आणि म्हातारे तेवढे उरले होते. ज्या शाळेत पहिलीचे वर्ग भरत नाहीत, तिथल्या मुलांचे सरासरी वय वाढणारच! २०१८ साली हा कुबडवाला म्हणजे 'टॉर रेमादेवी' ही जात असल्याचे निश्चित झाले आणि ती अत्यंत संकटग्रस्त ठरली. एका महासीराला वाचवण्याच्या खटपटीत दुसरा अडचणीत आला. त्याला वाळूउपसा, धरणे, सुरुंगाची मासेमारी ही इतर कारणेही होतीच. पण हे उलगडले ते गळवाल्यांच्या वह्यांमुळे.

वहीतला महत्त्वाचा रकाना कोणता? आमच्या मते तासांचा. पाच मासे मिळाले, एवढ्याने काहीच कळत नाही. दोन तासांत पाच आणि वीस तासांत पाच यांत दहापट फरक आहे. म्हणून रिकाम्या हाताने परतलेला दिवसही लिहायला हवा. हे आम्हालाही उशिरा समजले. एका सहलीत एका मुलाने दोन तास बसून वहीत 'एकही नाही' असे लिहिले होते. पान वाया गेले, म्हणून आम्ही ते त्याला खोडायला लावले होते.

त्या बाईंच्या प्रश्नाकडे परत येऊ. माशाला वेदना होते का? २००३ साली लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्याच्या भागात इजा ओळखणारे चेतातंतू दाखवून दिले. त्याला आपल्यासारखे 'दुखते' का, यावर वाद चालू आहे, पण काही होत नाही असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. गळ टाकायचाच असेल, तर उलटा काटा पकडीने दाबून टाकलेला गळ वापरावा. तो चटकन निघतो. हात ओले करूनच माशाला धरावे, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि बुरशीला वाट मिळते. मासा पाण्यातच ठेवून मोजावा, कारण हवेत कल्ल्यांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात. एप्रिल-मे महिन्यांच्या दुपारी तर गळ टाकूच नये. वीस अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच. झटापटीने दमलेल्या माशाला तेवढ्यात सावरता येत नाही. इंद्रायणीच्या सांडपाण्याच्या पट्ट्यात तर त्याहूनही कमी. चिलापी किंवा दुसरा कोणताही बाहेरचा मासा नदीत सोडायचा नाही, हा नियमही पहिल्या दिवशीच सांगावा. कावेरीची गोष्ट त्यासाठी पुरेशी आहे.

आमचे स्वतःचे मत विचाराल, तर पहिले वर्षभर मंडळाने गळच घेऊ नये. साइक्स यांनीही नदीकाठच्या लोकांचीच मदत घेतली होती. सकाळी नदीवरून परतणाऱ्या मासेमारांना विचारावे: किती वेळ जाळे टाकले होते, कोणते मासे मिळाले, त्यांची नावे काय? मासा पट्टीवर ठेवून मोजावा, चित्र काढावे. कारखान्यांच्या या पट्ट्यात एकाच बाकावर मावळचा, लातूरचा आणि बिहारचा मुलगा बसतो. एकाच माशाची तीन नावे वहीत येतील. ती तिन्ही लिहावीत. ज्या तलावांचे मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांकडे असतात, तिथे त्यांची परवानगी आधी घ्यावी, आणि पोहता येणारा मोठा माणूस बरोबर असल्याशिवाय मुलांना पाण्याकाठी नेऊ नये.

हे सारे त्या शिक्षकांना कळवले. त्यांनी वहीच्या रकान्यांचा नमुना करून पाठवला आहे: तारीख, ठिकाण, पाण्याचे तापमान, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, मासे. नकट्याचे एक रेखाचित्र त्यांनी वहीच्या आतल्या पानावर चिकटवले आहे. शेवटच्या रकान्याखाली त्यांनी स्वतःच एक सूचना लिहिली आहे: काहीही मिळाले नाही तर शून्य लिहा, जागा कोरी सोडू नका.