बुरूड राजाचा कोट आणि सोपाऱ्याची पेटी

पालघर जिल्ह्यातील नालासोपारा आज लोकल गाड्यांच्या गर्दीमुळे सर्वांना ठाऊक आहे. दोन हजार वर्षांपूर्वी मात्र शूर्पारक या नावाने ते पश्चिम किनाऱ्यावरील एक महत्त्वाचे बंदर होते. टॉलेमीच्या भूगोलात त्याचा उल्लेख येतो, तसाच नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखातही येतो.

अशा नगराभोवती दंतकथा जमतातच. समुद्राने परशुरामाला ही भूमी दिली, असे महाभारत सांगते. पूर्ण नावाच्या येथील दर्यावर्दी व्यापाऱ्याने चंदनाचा विहार बांधून बुद्धांना बोलावले, अशी बौद्ध कथा आहे. आणि गावाजवळच्या एका टेकाडाला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत.

1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड खणले. आत कोट नव्हता, विटांचा बौद्ध स्तूप होता. त्याच्या गाभ्यात एक दगडी पेटी मिळाली. तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि बुद्धांच्या आठ धातुमूर्ती होत्या. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे पंडितजींना वाटले.

आता ही पेटी केव्हा बंद झाली असेल? नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरचे आहे, पण मूर्ती आठव्या-नवव्या शतकातील मानल्या जातात. जुनी वस्तू पुढच्या काळातही पेटीत ठेवता येते. पुढे घडणारी वस्तू आधी ठेवता येत नाही. म्हणजे पेटी शेवटची बंद झाली ती मूर्ती घडल्यानंतरच. भूस्तरांचे वय ठरवतानाही आपण हाच तर्क वापरतो.

मग दंतकथा टाकाऊ ठरतात काय? आम्हाला तसे वाटत नाही. चंदनाच्या कथेवरून बुद्ध येथे आले हे सिद्ध होत नाही. मात्र कथा रचणाऱ्यांच्या मनात सोपारा म्हणजे समुद्रव्यापाराचे श्रीमंत गाव होते, हे तिच्यावरून निश्चित कळते. आणि खापरांचे तुकडे खरे असले तरी ते भिक्षापात्राचे, हे तुकडे सांगत नाहीत. ते कथा सांगते.

आपल्या गावातही असा एखादा 'कोट' असेल. वर्गात त्याची गोष्ट जरूर सांगावी. ती सांगून झाल्यावर एवढेच विचारावे: यातले कथेने काय सांगितले, आणि वस्तूने काय?