‘७८’ म्हणजे नेमके किती?

१/ माळ्यावर सापडलेल्या जुन्या ध्वनिमुद्रिकेला आपण सहज ‘सेव्हन्टी-एट’ म्हणतो. ७८ म्हणजे मिनिटाला ७८ फेरे, अर्थात ७८ आरपीएम. परंतु ध्वनिमुद्रिका जन्मली तेव्हा हा आकडा ठरलेला नव्हता, आणि तो ठरेपर्यंत गायकाचा खरा स्वर कोणता हेही सांगणे अवघड होते.

२/ १८८७ मध्ये एमिल बर्लिनर यांना अमेरिकेत ग्रामोफोनचे पेटंट मिळाले. सुरुवातीची यंत्रे हाताने फिरवावी लागत. गती मिनिटाला साधारण ७० फेरे असावी, ही अपेक्षा. पण मनगट थकले की गाणेही खाली उतरे. पुढे एल्ड्रिज जॉन्सन यांनी स्प्रिंगवर चालणारी मोटर सिद्ध केली. तिच्यातील फिरत्या वजनांचा नियंत्रक हा जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला बसवलेल्या नियंत्रकाचाच वंशज.

३/ यंत्राची गती आता स्थिर झाली. मात्र सर्व यंत्रांची एकच झाली नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हाही सर्वमान्य गती नव्हती. कोणी सत्तरीच्या मध्यावर मुद्रण करी, तर कोणी ८० वर.

४/ याने काय बिघडते? ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेले पद ७८ वर वाजवले, की गती सुमारे ५.४ टक्क्यांनी वाढते. पेटीवर एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर जाण्यास सुमारे ६ टक्के पुरतात. म्हणजे पांढरी एकमध्ये गाणारा गायक जवळजवळ काळी एकमध्ये ऐकू येतो. २०० सेकंदांचे पद १९० सेकंदांत संपते, तान अधिक चपळ भासते, आवाज कोवळा होतो. मग आपण दाद देतो ती गायकाला, की चुकलेल्या गतीला?

५/ या गोंधळावर तोडगा विजेमुळे निघाला. पट्ट्या छापलेली चकती तबकडीवर ठेवून विजेच्या दिव्याखाली फिरवली, की योग्य गतीला पट्ट्या जागीच उभ्या दिसतात. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा मिनिटाला ६००० वेळा लुकलुकतो. चकतीवर पट्ट्या ७७; म्हणून गती ६००० ÷ ७७ = ७७.९२. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आणि पट्ट्या ९२; म्हणून ७२०० ÷ ९२ = ७८.२६. गंमत अशी, की जगाने ‘७८’ म्हणून स्वीकारलेल्या या दोन्ही गतींपैकी एकही बरोबर ७८ नव्हती!

६/ आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत कालाचे मूळ एकक सेकंद आहे, मिनिट नव्हे. तेथे ७८ आरपीएम म्हणजे सेकंदाला १.३ फेरे. एका फेऱ्यात २π रेडियन असतात. म्हणून कोनीय वेग ८.१७ रेडियन प्रति सेकंद. या एककाचा लाभ असा, की त्याला त्रिज्येने गुणले की सुईखालून खाच किती वेगाने सरकते ते लगेच कळते. केंद्रापासून १२ सेंमीवर हा वेग सेकंदाला सुमारे ९८ सेंमी, तर ५ सेंमीवर अवघा ४१. फेरे तेच; पण गाणे संपत येते तसा सुईखालचा वेग निम्म्याहून कमी होतो.

७/ तेव्हा एखादे जुने नाट्यपद आंतरजालावर ऐकताना आवाज अनपेक्षित उंच वाटला, तर गायकाविषयी मत बनवण्याआधी एक प्रश्न विचारावा : मुद्रणाच्या वेळी ही तबकडी मिनिटाला किती फेरे फिरत होती?