सोलता येणारा वाहनलेप
मोटारीच्या मूळ रंगावर फवारून सुकवलेला व नको झाल्यावर सालीसारखा ओढून काढता येणारा लवचीक रबरी थर. अवजारांच्या मुठी बुडवून त्यांना पकड आणण्यासाठी अमेरिकेत १९७२ पासून विकल्या जाणाऱ्या ‘प्लास्टी डिप’ या द्रवातून हा प्रकार रूढ झाला.

लेपात संश्लिष्ट रबर द्रावकात (पहा : द्रावक), म्हणजे हवेत उडून जाणाऱ्या पातळ द्रवात, विरघळवलेले असते, द्रावक उडाला की उरणारा पापुद्रा पृष्ठभागाला नुसता चिकटतो, मूळ रंगात मुरत नाही. पाच-सहा हात द्यावे लागतात, कारण पातळ लेप सोलताना चिंध्यांसारखा फाटतो. कडेची चिकटपट्टी शेवटचा हात ओला असतानाच काढावी लागते, नाहीतर तिच्याबरोबर लेपही उचकटतो. पेट्रोलने तो मऊ पडत असल्याने टाकीच्या झाकणाभोवतीचा भाग आधी बिघडतो. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा तापलेल्या पत्र्यावर फवारा नीट पसरण्याआधीच सुकून खरखरीत होतो. त्यामुळे अंगणातले हे काम सकाळच्या निवांत हवेत करतात. द्रावक ज्वलनशील असल्याने बंद खोली वर्ज्य.

लेप तात्पुरता असला, तरी रंग ही नोंदणी प्रमाणपत्रातील बाब असल्याने (पहा : मोटार वाहन अधिनियम, १९८८) एमएच-२२ क्रमांकाच्या वाहनाचा रंगबदल परभणीच्या परिवहन कार्यालयात नोंदवावा लागतो. संरक्षण दलांखेरीज इतरांना ऑलिव्ह हिरवा रंग केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार निषिद्ध आहे.