चौकोनी फियाटच्या रुंद कमानी

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय ऐकून काही जण हसतील. गाडीच्या मागच्या चाकावरची पत्र्याची कमान! गॅरेजमध्ये आपण तिला सरळ मडगार्ड म्हणतो.

1974 साली तुरिनच्या मोटर शोमध्ये फियाटने 131 आणली. नाव मिराफिओरी, तुरिनच्या ज्या भागात ती बनायची त्याचंच. दिसायला अगदी खोका. ती आली 124 च्या जागी. आणि गंमत बघा, तिकडे रिटायर झालेली ती 124 आपल्या कुर्ल्यात 1985 ला प्रीमियर 118 एनई होऊन अवतरली, तीही निस्सानचं इंजिन घेऊन! असो.

तर या खोक्याला रॅलीत उतरवायचं ठरलं. खरी अडचण होती मागच्या बाजूला. साध्या 131 ला मागे अखंड अ‍ॅक्सल. म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्याला बांधलेली. एक दगडावर चढलं की दुसरंही कलणार. अबार्थच्या इंजिनिअरांनी तो दांडा काढला, दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं आणि टायर रुंद केले. आता रुंद टायर पत्र्याबाहेर डोकावणारच. नियम म्हणतो, चाकाचा वरचा भाग बॉडीखाली झाकलेला हवा. शिवाय खड्ड्यात आपटल्यावर चाक झपकन वर येतं, तेव्हा कमानीची कड टायरला घासून चालत नाही. म्हणून त्या फुगीर कमानी. शोभा नंतरची, गरज आधीची.

पण फक्त रॅलीच्या गाडीवर त्या लावून भागत नव्हतं. ग्रुप 4 साठी तशा 400 गाड्या बनवणं भाग होतं. मग 1976 मध्ये मिराफिओरीच्या लाइनवरून दोन दारांचे अर्धवट सांगाडे बेर्तोनेकडे गेले. तिथे मागचा पत्रा नव्या सस्पेन्शनसाठी बदलला, प्लॅस्टिकची मडगार्डं, बॉनेट आणि डिकीचं झाकण बसवलं; मग गाड्या इंजिन वगैरेसाठी फियाटच्या रिवाल्ता कारखान्यात. एवढा खटाटोप! पण फळ बघा: 1977, 1978 आणि 1980, तीनदा कंपन्यांची जागतिक रॅली चॅम्पियनशिप. 1980 ला वॉल्टर रोहर्लने याच गाडीत माँटे कार्लो जिंकली आणि वर्षाअखेर तो वर्ल्ड चॅम्पियनही झाला.

आता मला खटकणारी गोष्ट. या गाडीच्या नादात लोक साध्या, जुन्या इटालियन सेडानच्या मागच्या कमानी कापतात आणि वर फायबरचं मडगार्ड चिकटवतात. अहो, कमान म्हणजे एक पत्रा नसतो! बाहेरचा वेगळा, आतला वेगळा, आणि कडेला दोघे वेल्डिंगने जोडलेले. ती कड कापली की जोड उघडा पडतो, बॉडीची ताकद जाते. चाकाने उडवलेला चिखल त्या फटीत शिरतो आणि गंज आतून खायला लागतो, वरचं फायबर मात्र चकाचक. बेर्तोनेने आतला सांगाडाही बदलला होता, हे कापणाऱ्याच्या गावीही नसतं. आणि एकदा गेलेला मूळ पत्रा परत कुठून आणणार?

कुणी अशी रुंद कमानींची जुनी सेडान विकायला काढली असेल, तर रंगावर भाळू नका. मागचं चाक उतरवायला सांगा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि आतल्या-बाहेरच्या पत्र्याचा जोड बोटाने चाचपत जा. डिकीतलं कार्पेटही उचला. मालक कुरकुरला, तरी उचलाच.