सँ-पिएर : पेले पर्वताच्या पायथ्याचे गाव

सँ-पिएर हे कॅरिबियन समुद्रातील मार्तिनिक या फ्रेंच बेटाच्या वायव्य किनाऱ्यावरचे छोटे गाव. लोकवस्ती सुमारे ४,०००. समोर खोल समुद्र आणि पाठीशी सुमारे ७ कि.मी. अंतरावर १,३९७ मीटर उंचीचा पेले हा जागृत ज्वालामुखी. गावाचा इतिहास या दोहोंनी घडवला.

१६३५ मध्ये पिएर बेलँ देस्नांब्युक याने येथे फ्रेंच वसाहत वसवली. पुढे बेटाचा कारभार फोर-द-फ्रान्सहून चालू लागला, तरी व्यापाराची पेठ सँ-पिएरच राहिली. साखर आणि रम येथूनच जहाजांवर चढे. ती पिकवणारे हात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे होते. मे १८४८ मध्ये त्यांनी या शहरात उठाव केला आणि गव्हर्नरला गुलामगिरी तत्काळ रद्द करावी लागली. मळ्यांवर मजूर कमी पडू लागले, तेव्हा १८५३ पासून भारतातून, मुख्यतः तमिळ मुलखातून, करारबद्ध मजूर नेण्यात आले. नाट्यगृह आणि ट्राम असलेल्या या शहराला लोक 'कॅरिबियनचे पॅरिस' म्हणत.

एप्रिल १९०२ मध्ये शहरावर राख पडू लागली. ५ मे रोजी चिखलाच्या लोंढ्याने जवळचा साखर कारखाना गाडला. तरीही शहर रिकामे झाले नाही. ११ मे रोजी निवडणुकीची दुसरी फेरी होती. उलट डोंगराकडच्या खेड्यांतले लोकच आसऱ्याला शहरात आले. लोकांना धीर यावा म्हणून गव्हर्नर लुई मुते स्वतः तेथे मुक्कामाला गेले.

८ मे रोजी सकाळी आठच्या सुमारास डोंगर फुटला. लाव्हा शहरापर्यंत आलाच नाही. आला तो तप्त वायू आणि राखेचा लोट, आणि तोही एक-दोन मिनिटांत. सुमारे २८,००० माणसे दगावली. त्यांत मुतेही होते. शहरात वाचले ते अगदी मोजके. त्यांपैकी सिलबारिस हा कैदी तुरुंगाच्या जाड भिंतींच्या कोठडीत होता.

अशा स्फोटाला भूशास्त्रात आजही 'पेले प्रकारचा उद्रेक' म्हणतात. त्या कोठडीचे आणि नाट्यगृहाचे अवशेष गावात पाहता येतात. बंदरात बुडालेली जहाजे समुद्रतळाशी आहेत. २०२३ मध्ये पेले पर्वत व उत्तर मार्तिनिकची शिखरे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. आता डोंगराच्या हालचालींवर वेधशाळेची कायम नजर असते.