ख्रिस्ती विवाह : ख्रिस्तसभेचा निवाडा आणि देशाचा कायदा

 बुलढाणा जिल्ह्यातील कॅथोलिक विवाहास दोन कायदे लागू होतात : ख्रिस्तसभेची धर्मसंहिता (१९८३) आणि देशाचा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२.

एखादा विवाह मुळातच अवैध होता, असा निवाडा ख्रिस्तसभेचे न्यायमंडळ देऊ शकते. मात्र तेवढ्याने कायद्याच्या दृष्टीने विवाह संपुष्टात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मॉली जोसेफ खटल्यात (१९९६) हे स्पष्ट करून संबंधित स्त्रीचा दुसरा विवाह निरर्थक मानला. क्लॅरन्स पायस यांची याचिका फेटाळताना २०१७ साली हीच भूमिका कायम राहिली.

यास्तव १८६९ च्या घटस्फोट कायद्यान्वये न्यायालयाचा हुकूमनामा आवश्यक ठरतो. परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद त्यात २००१ साली समाविष्ट झाली. हुकूमनाम्याविना, जोडीदार हयात असताना केलेला दुसरा विवाह भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा ठरू शकतो. त्यातून जन्मलेली मुले व नवी पत्नी यांच्या हक्कांचाही प्रश्न उभा राहतो.

उलटपक्षी, केवळ न्यायालयीन घटस्फोटाने संस्काराचे बंधन सुटत नाही. म्हणून पुनर्विवाहाची बोलणी करण्यापूर्वीच श्रद्धावंतांनी आपल्या धर्मगुरूंना भेटावे आणि निवाडा व हुकूमनामा, दोन्ही हाती असल्याची खात्री करून घ्यावी.